अर्धी दाढी पाण्यात

मीच का सांगायचं? दाढीला आलात की जबानी घ्यायला? आल्यापासून तीनदा विचारून झालं तुमचं — ती दुसरी खुर्ची रिकामी का, तिच्यावर चादर का टाकलीय, आणि तो मुंगी म्हणतात तो कारागीर कुठं आहे. अहो, मी उभा आहे ना इथं, चांगला सत्तर वर्षांचा, दोन पायांवर? का मी भिंतीवरचं कॅलेंडर आहे? स्टँडवर कुणीतरी सांगितलं असेल तुम्हाला — जा तिथं, मुंगीचा हात हलका. सगळे तेवढंच सांगतात. मुंगीच्या हातात जाण्याआधी गाल कोण तयार करतं, ते कोणी सांगत नाही. मान मागं टाका. आणखी. पाय ढिले सोडा, दाढी गालावर असते पण माणूस आखडतो पोटरीत. हां. आता हा टॉवेल. गरम आहे, भाजत नाही, नुसतं वाटतं तसं. नाक मोकळं ठेवलंय, श्वास घ्या. आणि आता बोलायचं नाही. टॉवेलखालचं बोलणं मला कळत नाही, आणि टॉवेल काढला की तोंडाला साबण येणार, तेव्हा दाढी होईपर्यंत तुमची बोलती बंद आणि माझी चालू. विचारलंत ना तीनदा? मग आता भोगा.

साडेदहाला मुलाखत म्हणालात, म्हणजे वेळ आहे. घड्याळाकडं बघू नका, ते सात मिनिटं पुढं आहे, मुद्दाम ठेवलंय — गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं की मी म्हणतो, घड्याळ पुढं आहे, बसा. आणि टॉवेल काढल्यावर आरशातही बघायचं नाही. डोळे मिटून पडून राहायचं. दाढी भिजताना डोळे मिटायचे, असा नियम आहे इथला. कधीपासून? झाले सहा महिने. कोणी केला म्हणजे? दुकान माझं, नियम माझा.

घरी कशी करता दाढी? राहू द्या, सांगू नका, गळ्यावर लिहिलंय सगळं, ते लाल पुरळ म्हणजे तुमचं प्रगतिपुस्तक आहे. नळाखाली हात धरायचा, गालावर दोन थापट्या मारायच्या, डब्यातला फेस फुस्स करून थोबाडाला फासायचा आणि लगेच ओढायला लागायचं. अहो, जोडे शिवणारा कातडं आधी भिजत घालतो. खुर्ची विणणारा वेत आधी भिजत घालतो, नाहीतर कडकन मोडतो. मग केसानंच काय घोडं मारलंय? केसाला पाणी प्यायला वेळ लागतो. मी दोनच इयत्ता शिकलो, पण ज्यानं मला हे काम शिकवलं तो म्हातारा सांगायचा — अर्धी दाढी पाण्यात असते. वस्तरा काय, उरलेली उचलून बाजूला ठेवतो. मी म्हणतो अर्धीसुद्धा नाही, बारा आणे पाण्यात. मुंगीला हे पटत नाही असं नाही हं, त्याला पटतं. एकतीस वर्षं त्याला पटत आलंय. त्याच्यासारखा पटवून घेणारा माणूस — जाऊ दे. टॉवेल गार झाला. दुसरा लावतो.

कोण म्हणून काय विचारता हाताच्या खुणा करून? मुंगी म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. नाव त्याला वेगळं आहे, पण ते त्याच्या आईनंसुद्धा शेवटी शेवटी टाकून दिलं होतं. गालावर वस्तरा असा चालतो त्याचा की मुंगी चालल्यासारखं वाटतं — माणसं झोपतात. एक वकील घोरायचा इथं, खरंच सांगतो, अशिलं बाहेर ताटकळत उभी आणि हा इथं घोरतोय. एकतीस वर्षांमागं एक पिशवी घेऊन आला आमच्याकडं, म्हणे ताई, चार दिवस राहतो. ते चार दिवस अजून चालू आहेत. आधी त्याला मी दाढी भिजवायला लावला. छे! भांडी विसळतात तसा गाल विसळायचा. ब्रश असा फिरवायचा जसा काही कुंपणाला रंग देतोय. मग एक दिवस माझ्या बोटाला फोड आला होता म्हणून वस्तरा त्याच्या हातात दिला, आणि — काय सांगू, मी तीस वर्षांचा असताना जेवढा हलका हात नव्हता माझा, तेवढा त्याचा पहिल्या दिवशी. राग आला मला. खोटं कशाला बोलू? रात्री जेवलो नाही. सकाळी उठून म्हणालो, आजपासून मी भिजवणार, तू उतरवणार. त्या दिवसापासून मी वस्तऱ्याला हात लावला नाही आणि त्यानं ब्रशला. हे असं दुकान दुसरीकडं दाखवा मला. एक माणूस भिजवतो, दुसरा उतरवतो, आणि गिऱ्हाईक मधल्या मधे राजा.

काढतो टॉवेल. डोळे मिटा. मिटा म्हणतो ना! आता बोट फिरवून बघतो — असं उलट्या बोटानं, नखाच्या बाजूनं. केस कुठून कुठं पडलाय ते कळतं. प्रत्येकाचं वेगळं असतं. काहींचे गालावर सरळ, गळ्यावर आडवे. काहींच्या हनुवटीत भोवरा असतो, डोक्यात असतो तसा, तिथं वस्तरा खालून वर घ्यावा लागतो, नाहीतर केस राहतो. तुमच्या? तुमच्या नाही. सरळ दाढी आहे, सज्जन माणसाची. आता ही गंमत ऐका. मी भिजवून झालो की बाजूला व्हायचो आणि मुंगी पुढं यायचा. त्याला सांगायचं कसं, भोवरा आहे म्हणून? मोठ्यानं बोललं तर गिऱ्हाइकाला वाटतं, बैलासारखं बाजारात आणून आपले दात मोजताहेत. आणि हळू बोललं तर मुंगीला ऐकू येत नाही, एक कान अधू आहे त्याचा. म्हणून आमची खूण ठरली. भोवरा असला की मी जाता जाता कानाच्या पाळीवर फेसाचा एक ठिपका ठेवायचा. एवढासा. ठिपका दिसला की मुंगी हनुवटीवर वस्तरा खालून वर घेणार. नाही दिसला की वरून खाली. बस्स. एकतीस वर्षांत शब्द नाही खर्च झाला त्यावर. तो पुन्हा बोट फिरवून बघायचाही नाही. दाजींचा ठिपका म्हणजे दगडावरची रेघ. त्याचा माझ्या त्या ठिपक्यावर — देवावर नसेल एवढा.

आता ब्रश. हा कोमट पाण्यात पडला होता तुम्ही यायच्या आधीपासून. साबण वाटीत घोटायचा, गालावर नाही. घोटत राहायचं, पाणी थेंबाथेंबानं घालायचं, सायीसारखा झाला पाहिजे. डब्यातला फेस फुगलेला असतो, आत वारा, एखाद्या पुढाऱ्यासारखा. हा बघा — नाही, बघू नका — हा जड असतो, केसाच्या मुळात उतरतो. आधी गोल गोल फिरवून केस उभे करायचे. मग सरळ हातानं आडवे. वाटी जरा छातीशी धरतो मी, सवय आहे. कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवतो, तीही सवय. हूं हूं करू नका, साबण आत जाईल. सांगतो ना पुढचं, सांगतोय की!

त्या दिवशी बँडमास्तर आला. आमच्या इथला बँड आहे, पंधरा-वीस माणसं, हा त्यांचा मुख्य, ट्रम्पेट वाजवतो. गाल फुगवून फुगवून गालांची दोन वेगळी माणसं झालीत. वीस वर्षं दाढी राखलेली, छातीपर्यंत. संध्याकाळी त्याला सगळ्यांसमोर मानाचं पदक मिळणार होतं आणि बायकोनं सांगितलं, पदक दिसलं पाहिजे, दाढी काढून या. आता वीस वर्षांची दाढी म्हणजे जंगल. कात्रीनं आधी उतरवली, मग तीन टॉवेल लावले, तीन! चौथाही लावला असता, पण हा गडी सारखा बोलतोय. मी अमक्या ठिकाणी वाजवलं, मी तमक्या ठिकाणी वाजवलं, लोक रडले. रडले असतील. मी बोट फिरवलं, सरळ केस, भोवरा नाही, काही नाही. फेस केला, बाजूला झालो. मुंगी आला. कानाकडं बघितलं. आणि हनुवटीवर वस्तरा खालून वर घेतला.

ओठाखाली लागलं. केवढं? तांदळाच्या दाण्याएवढं. तुरटी लावली की थांबतं, थांबलंच. पण बँडमास्तर असा ओरडला की समोरचा शिंपी सुई टोचून घेऊन बाहेर आला. ट्रम्पेट नेमकं तिथंच टेकतं म्हणे. संध्याकाळी हनुवटीला कागदाचा तुकडा चिकटवून उभा राहिला पुढं, वाजवता येईना, नुसते हात हलवले. लोक घरी जाताना म्हणत होते, यंदा बँड बरा वाजला. हसू नका! फेस फुटतो हसलं की. झालं, तेव्हापासून हा गावभर सांगत सुटला — त्या दुकानात आंधळा भिजवतो आणि बहिरा तासतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. बहिरा म्हणे! एक कान अधू असला म्हणजे माणूस बहिरा होतो का? आणि आंधळा तर मी मुळीच नाही. मला इथून समोरच्या शिंप्याच्या टेबलावरची टाचणी दिसते.

मग मुंगी का गेला म्हणता? गेला नाही, मी घालवला. बँडमास्तर पाय आपटत गेल्यावर मी त्याला बोललो. दुकानात चार माणसं बसलेली, त्यांच्या देखत बोललो. बोलणारच. माझ्या दुकानाचं नाक कापलं गेलं होतं. म्हणालो, एकतीस वर्षं बहिणीच्या घरी फुकट गिळलंस, एक हनुवटी सांभाळता येत नाही तुला? बरोबर बोललो की नाही? मान हलवू नका नुसती, हो की नाही? ...नाही? बरं. नाही तर नाही. त्यानं वस्तरा पुसून मिटला. माणसं गेल्यावर मागच्या खोलीत आला, टॉवेल घडी करून ठेवला, आणि म्हणाला — ऐका हं, आठ दिवसांत एक वाक्य बोलणारा माणूस, आणि ते वाक्य हे — म्हणाला, दाजी, एकदा डॉक्टरांना हात दाखवून या. माझ्या हाताला नाव ठेवलं! माझ्या! ज्या हातानं त्याला — मी म्हणालो, नीघ माझ्या दुकानातून, आणि माफी मागितल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. निघाला. आज चौदा दिवस. माफी नाही, काही नाही. माझं काय चुकलं? त्यानंच मागायला पाहिजे ना? पाहिजेच.

गेला कुठं? अहो, तो काय तिथं. मी पाठमोरा असलो तरी मला आरशात दिसतो — रस्त्यापलीकडं, शिंप्याच्या ओट्यावर. शिंप्यानं खुर्ची दिलीय, ती डुगडुगते, तिच्या पायाखाली चिंध्यांची गुंडाळी घातलीय. तिथं करतो दाढ्या. वस्तरा तोच, हात तोच, पण भिजवणार कोण? त्याचा तो! म्हणजे विसळणार. काल एक गिऱ्हाईक त्याच्याकडून उठलं, गळा असा लाल, जसा रागावलेला कोंबडा. मला वाटलं, इथून ओरडून सांगावं, अरे, टॉवेल तरी दोन मिनिटं जास्त ठेव! नाही ओरडलो. मी कशाला ओरडू? आणि आमची मंडळी, म्हणजे बायको — तिनं तर माझ्याशी बोलणंच टाकलंय. चहा करते, आधी रस्ता ओलांडून भावाला नेऊन देते, उभी राहून त्याचा पिऊन होईपर्यंत थांबते, मग उरलेला मला आणून आदळते. गार. बशीत अर्धा सांडलेला. तोंडानं चकार शब्द नाही, पण तिनं कप आदळला की मला पूर्ण वाक्य ऐकू येतं.

आणि इथं काय? इथं मी भिजवून ठेवतो आणि उतरवणारा नाही. परवा एकाला सगळं फेसबिस करून ठेवलं आणि मग आठवलं. म्हणालो, कारागीर बाहेर गेलाय, उरलेली घरी करा. गेला बिचारा तसाच, रस्त्यानं कुत्री मागं लागली. त्याच्या आधी दोघं गेले. हे महिनाभर असंच चाललं तर शटर खाली. समजा उघडं ठेवलं, तरी काय करू? रिकाम्या खुर्च्या भिजवू?

वाळला की फेस! तुम्ही ऐकत बसता म्हणून वाळतो. थांबा, दुसरा करतो. वाळलेल्या फेसावर वस्तरा म्हणजे उन्हात वाळलेल्या कातड्यावर विळा. घोटतो परत. पाणी — हां, सांडलं थोडं. तुमच्या सदऱ्यावर नाही ना? फडकं आहे वर. मुलाखतीचा सदरा आहे, कळतंय मला, डाग नाही पडू देणार. ब्रशच जुना झालाय, दांडा सुटलाय. आणि वारा येतो दारातून. थंडीच आहे सकाळची. काय? उकडतंय? तुम्हाला उकडत असेल, तरुण आहात.

मी का नाही उतरवत म्हणता. डोळ्यानंच विचारताय, पण विचारताय. उतरवतो की! न यायला काय झालं? एकतीस वर्षं धरला नाही म्हणून विसरलो की काय? हा घेतला वस्तरा. नवं पातं लावलंय. मान — मान सरळ ठेवा. आवाज कसला? वाटीला लागला. टण टण टण — वाटीच ठेवलीय मधे कुणीतरी. तुम्ही डोळे उघडलेत! मिटा म्हणालो होतो ना! खुर्ची कशाला इतकी घट्ट धरलीय? ठेवतो खाली. ठेवला. बघा, ठेवला. जीव नका घालवू.

दिसला ना आरशात? दिसला. हाताच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथं तर एवढा मोठा लावलाय मीच पैसे खर्च करून. हो. थरथरतो. सहा महिने झाले. सकाळी कमी असतो, कोणी बघत असलं की जास्त. नाचता येईना आणि मी अंगणाला, ब्रशला, वाऱ्याला दोष देत बसलोय. कोणाला सांगितलेलं नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही परके, साडेदहाला जाणार, परत येणार नाही. कानाला लावायचा ठिपका नव्हता हो तो. बँडमास्तरच्या. लावलाच नव्हता मी. बाजूला होताना हात हलला आणि फेस पडला पाळीवर. मला दिसलाही नाही. मुंगीनं बघितला, आणि एकतीस वर्षं जे करत आला ते केलं.

आणि सांगू — त्याला तिथल्या तिथं कळलं. वस्तरा लागला, बँडमास्तर उठून बोंबलला, कोणी केलं हे, कोणी केलं! मी भिंतीला टेकलेला, माझ्या हातात वाटी वाजतेय. मुंगीनं माझ्या हाताकडं बघितलं. मग त्या कानाकडं. मग म्हणाला, माझा हात घसरला. त्याचा हात! त्याचा हात कधी घसरला नाही, लहान मूल मांडीवर घेऊन त्याची पहिली हजामत करताना घसरला नाही. एवढं बोलून तुरटी उचलली. आणि मी — मी काय केलं? मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, बरं झालं, निभावलं. आणि ते पक्कं व्हावं म्हणून चारचौघांत त्यालाच झापला. आता पुन्हा विचारतो, बरोबर बोललो का? राहू दे. मान हलवू नका.

त्याला आधीपासूनच माहीत होतं हो. हे मला परवा कळलं. चार महिन्यांमागं म्हणाला, दाजी, ती पितळी वाटी तडकली, फेकून दिली, ही नवी हलकी आणलीय. मी शिव्या घातल्या, माझ्या उस्तादाची वाटी होती ती. परवा साबण शोधताना मागच्या कपाटात, टॉवेलांच्या खाली, सापडली. धडधाकट. एक चीर नाही. पुसून, कापडात गुंडाळून ठेवलेली. जड होती म्हणून लपवली त्यानं. मला पेलत नव्हती म्हणून. आणि गिऱ्हाइकाच्या कॉलरवर पडलेला फेस मी बघायच्या आधी अंगठ्यानं पुसायचा, मला वाटायचं त्याला स्वच्छतेचं वेड आहे. बरं, एवढं माहीत होतं तर बोलायचं ना माणसानं! चार महिने मूग गिळून बसायचं? पण बोलला असता तर काय केलं असतं मी? काय केलं असतं! जे केलं तेच. चार महिने आधी केलं असतं.

बसा, उठू नका. वेळ आहे. फेस झाला बघा पुन्हा, हा पहिल्यापेक्षा चांगला, तुमच्या गालाला आता लोण्यासारखं — थांबा. तो उभा राहिलाय. आरशात बघा, आता बघितलं तरी चालेल. शिंप्याच्या ओट्यावर. गिऱ्हाईक नाही समोर, खुर्ची रिकामी, आणि हा फडकं खांद्यावर टाकून उभा, उजवा पाय जरा पुढं. तो असाच उभा राहायचा, मी शेवटचा हात फिरवायला लागलो की. मी हाक मारत नव्हतो कधी. त्याला कळायचं, दाजींचं होत आलं. रस्त्यापलीकडून कसं कळलं आता? आणि रोज उभा राहत असेल का असा? चौदा दिवस? मी आरशात बघायचो ते त्याच्याकडं गिऱ्हाईक किती ते मोजायला, तो कसा उभा आहे ते बघितलंच नाही.

उठा. हो, असंच. फेस पुसायचा नाही, पुसलात तर याद राखा. फडकं गळ्यातच राहू द्या, माझं आहे, तो परत आणून देईल. रस्ता ओलांडा, डावी-उजवीकडं बघून, आणि बसा त्याच्या खुर्चीत. तिचा मागचा पाय डुगडुगतो, जपून. थांबा, थांबा — इकडं या. कानाला काय लागलंय? पडलाच शेवटी. बँडमास्तरचा होता तोच कान. पुसू का? पुसतो, पण माझा हात पुसायला गेला तर दुसऱ्या कानाला लागेल, भरवसा नाही. असू दे. तोंडी सांगा त्याला. चांगल्या कानाशी, डाव्या. म्हणावं, कानावर जो फेस आहे तो ठिपका नाही. भोवरा नाही, केस सरळ आहे, वरून खाली घे. दाजींचा हात हलतो, म्हणून पडलाय. असंच सांगा — दाजींचा हात हलतो, दाजींनी स्वतः सांगितलंय. त्या दिवशीचाही तसाच पडला होता, हेही सांगा. विसरलात तर हनुवटी तुमची जाईल, माझी नाही, तेव्हा विसरणार नाही तुम्ही.

आणि काय सांगायचं आणखी? काही नाही. दुपारी डॉक्टरकडं जायचंय, दुकानात कोणीतरी लागेल म्हणावं. चादर काढतोय मी त्या खुर्चीवरची, धूळ बसते म्हणून काढतोय, दुसरं कारण नाही. माफी? कुणाची? मुंगीनं कशाला मागायची माफी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आणि मी मागायची की नाही ते आमचं आम्ही बघू, घरातलं आहे, चहाच्या वेळी बघू. निघा आता, तुमचं घड्याळ चाललंय, माझं सात मिनिटं पुढं आहे. पण एकाला सोडणार नाही मी. आंधळा भिजवतो म्हणाला ना? बहिरा तासतो म्हणाला ना, माझ्या मेहुण्याला, भर रस्त्यात? तोंडाला ट्रम्पेट लावायचं सोडून आमच्यावर जीभ चालवली ना? त्यानं इथं येऊन, या दाराशी उभं राहून, आम्हा दोघांची मागायची आहे. अजून मागितलेली नाही त्यानं. त्या बँडमास्तरनं.